व्हॅल्युएशन नंतर, आधी ताळेबंद: बँकिंग आणि गुंतवणुकीतल्या नोकरीची तयारी कोणत्या क्रमाने करावी

फायनान्समध्ये शिरू पाहणाऱ्यांची तयारी बहुतेक वेळा उलट्या टोकाने सुरू होते. आधी डीसीएफचं (भविष्यातली रोकड आजच्या किमतीत आणून मूल्य काढण्याच्या पद्धतीचं) तयार टेम्पलेट, मग पीई रेशोचे (शेअरची किंमत भागिले प्रति शेअर नफा) तक्ते, मग एखाद्या परीक्षेचा फॉर्म, आणि वेळ उरलाच तर ताळेबंद. मुलाखतीत मात्र पहिल्या पाच मिनिटांतच प्रश्न येतो: "घसारा १० ने वाढला, तर तिन्ही पत्रकांत काय काय बदलेल?" घसारा म्हणजे यंत्रं-इमारतींच्या झिजेपोटी धरलेला खर्च, आणि तिन्ही पत्रकं म्हणजे नफा-तोटा, ताळेबंद आणि रोकड प्रवाह. टेम्पलेटमध्ये या प्रश्नाचं उत्तर नसतं, आणि गाडी तिथेच अडते.

खालचे आठ टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. प्रत्येक टप्पा आधीच्या टप्प्यातले आकडे वापरतो, त्यामुळे मधला एक गाळला की पुढचं सगळं पाठांतर होतं. नोकरी निवडण्याचा टप्पा मुद्दाम शेवटाकडे ठेवला आहे. कोणत्या कामात रोज काय करावं लागतं, हे आकडे हाताळल्याशिवाय कळत नाही.

## तयारी: कंपनी कोणती निवडायची

सुरुवातीला एकच कंपनी घ्या आणि शेवटपर्यंत तिच्यासोबत राहा. काहीतरी बनवणारी किंवा विकणारी, नफ्यात असलेली, सरळ धंद्याची कंपनी निवडा. बँक, विमा कंपनी, दहा धंद्यांत पसरलेला उद्योगसमूह आणि अजून तोट्यातच असलेलं स्टार्टअप, ही चार प्रकारची नावं पहिल्या खेपेला टाळा. बँकेचा ताळेबंद वेगळ्याच तर्काने चालतो, त्याच्यासाठी सहावा टप्पा आहे.

जवळ एवढं हवं:

- त्या कंपनीचे सलग पाच वर्षांचे वार्षिक अहवाल, कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून घेतलेले
- कोरी स्प्रेडशीट
- हिशेबाच्या टिपांची (अहवालात आकड्यांमागे दिलेल्या स्पष्टीकरणांची) छापील प्रत, किंवा निदान पेन्सिलने खुणा करता येतील असं काहीतरी

आकडे आयते देणाऱ्या संकेतस्थळांवरून उचलू नका. ती मंडळी सगळ्या कंपन्यांना एकाच साच्यात बसवण्यासाठी रकमा इकडच्या तिकडे करतात. एखादी रक्कम 'इतर' या रकान्यात गेली की ती का गेली, हे तुम्हाला कधीच कळत नाही.

इशारा: अहवालात हिशेबाचे दोन संच असू शकतात, एक फक्त मूळ कंपनीचा आणि दुसरा उपकंपन्यांसह एकत्रित. एकत्रित संच घ्या आणि पाचही वर्षं तोच ठेवा. विक्री एका संचातली आणि कर्ज दुसऱ्यातलं, ही चूक नवशिक्यांच्या फाइलमध्ये इतक्यांदा दिसते की तपासणारा सगळ्यात आधी तेच पाहतो.

## टप्पा १: आकडे हाताने उतरवा

कंटाळवाणं काम आहे, पण शॉर्टकट नाही. नफा-तोटा पत्रक, ताळेबंद आणि रोकड प्रवाह पत्रक, तिन्ही ओळीओळीने स्वतः टाइप करा. टाइप करताना डोळा टिपांवर जातो, आणि अर्ध्या शंका तिथेच उगवतात.

काही सवयी पहिल्या दिवसापासून लावून घ्या. हाताने भरलेले आकडे निळ्या रंगात, सूत्राने आलेले काळ्यात. या क्षेत्रात सगळीकडे हाच रिवाज आहे. खर्च उणे चिन्हाने दाखवायचा की अधिक, ते एकदा ठरवा आणि बदलू नका. प्रत्येक पानाच्या माथ्यावर आकडे लाखांत आहेत की कोटींत, ते लिहा. मागच्या वर्षाचे आकडे पुढच्या वर्षीच्या अहवालात काही वेळा बदलून छापलेले असतात. अशा वेळी नंतरच्या अहवालातले घ्या आणि बदलाचं कारण टिपेत शोधा.

तपासणी: पाचही वर्षं मालमत्ता बरोबर देणी अधिक मालकांचं भांडवल जुळतंय का? रोकड प्रवाह पत्रकातली अखेरची रोकड ताळेबंदातल्या रोकडीशी जुळते का? दुसरी गोष्ट काही वेळा थोडी चुकते, कारण ओव्हरड्राफ्ट किंवा अडकवून ठेवलेली रक्कम दोन ठिकाणी वेगळी धरलेली असते. फरक टिपेत सापडला तर पुढे जा. सापडला नाही, तर पुढे जाऊ नका.

## टप्पा २: तिन्ही पत्रकं एकमेकांना जोडा

सगळा पाया या टप्प्यात आहे, म्हणून इथे हवा तेवढा वेळ द्या. खऱ्या कंपनीकडे वळण्याआधी एक छोटी काल्पनिक कंपनी कागदावर चालवून पाहा. चलन कोणतंही धरा.

वर्षाच्या सुरुवातीला:

- मालमत्ता: रोकड २०, येणी ३०, मालाचा साठा २५, स्थिर मालमत्ता १२५. एकूण २००.
- दुसरी बाजू: पुरवठादारांची देणी २०, कर्ज ८०, भागभांडवल ५०, राखून ठेवलेला नफा ५०. एकूण २००.

वर्षभरात विक्री ३०० झाली. माल आणि चालू खर्च २४०, घसारा २०, कर्जावर १० टक्क्यांनी व्याज ८. करपूर्व नफा ३२, त्यावर २५ टक्के कर ८, निव्वळ नफा २४. लाभांश ४ दिला. नवी यंत्रं ३० ची घेतली, त्यासाठी १० चं कर्ज काढलं. वर्षअखेर येणी ५०, साठा ३५ आणि देणी २५ वर पोहोचली.

आता रोकड किती उरली? उत्तर खाली आहे. आधी स्वतः काढा.

धंद्यातून आलेली रोकड: नफा २४, त्यात घसारा २० मिळवा, कारण तो पुस्तकी खर्च आहे, पैसे कुठे गेलेले नाहीत. येणी २० ने वाढली, म्हणजे तेवढी विक्री झाली पण पैसे आले नाहीत, वजा २०. साठा १० ने वाढला, वजा १०. देणी ५ ने वाढली, म्हणजे तेवढे पैसे अजून द्यायचे आहेत, अधिक ५. एकूण १९.

गुंतवणुकीत गेले ३०. वित्तपुरवठ्यातून नवं कर्ज १० आलं आणि लाभांश ४ गेला, म्हणजे अधिक ६.

१९ वजा ३० अधिक ६ म्हणजे उणे ५. वर्षअखेर रोकड १५.

ताळेबंद पुन्हा मांडा. रोकड १५, येणी ५०, साठा ३५, स्थिर मालमत्ता १३५ (१२५ अधिक ३० वजा २०). एकूण २३५. दुसरीकडे देणी २५, कर्ज ९०, भागभांडवल ५०, राखून ठेवलेला नफा ७० (५० अधिक २४ वजा ४). एकूण २३५. जुळलं.

कंपनीने २४ नफा कमावला आणि तिच्याकडची रोकड ५ ने घटली. यात लबाडी कुठेच नाही. पैसे ग्राहकांकडे, गोदामात आणि यंत्रांत अडकले. हे एकदा हाताने केलं की 'नफा आणि रोकड वेगळे' हे वाक्य पाठ करावं लागत नाही.

आता तोच घसाऱ्याचा प्रश्न घ्या. घसारा १० ने वाढला, कर २५ टक्के. करपूर्व नफा १० ने घटतो, कर २.५ ने घटतो, निव्वळ नफा ७.५ ने घटतो. रोकड प्रवाहात नफा उणे ७.५ आणि घसारा अधिक १०, म्हणजे रोकड २.५ ने वाढते. ताळेबंदात स्थिर मालमत्ता १० ने कमी, रोकड २.५ ने जास्त, एकूण मालमत्ता ७.५ ने कमी. दुसऱ्या बाजूला राखून ठेवलेला नफाही ७.५ ने कमी.

नेहमीची चूक: "घसारा वाढला की रोकड येते" असं ठोकून देणं. रोकड आली ती वाचलेल्या करामुळे. कंपनीला करच भरायचा नसेल, तर रोकडीत शून्य फरक पडतो. मुलाखत घेणारा पुढचा प्रश्न नेमका हाच विचारतो.

तपासणी: आणखी तीन घटना कागद न बघता चालवून पाहा. उधारीवर माल घेतला, कर्जाची परतफेड केली, साठ्यातला माल खराब झाल्याने त्याची किंमत शून्य केली. प्रत्येक वेळी ताळेबंद जुळला पाहिजे. एखादी अडली तर खऱ्या कंपनीच्या आकड्यांकडे अजून वळू नका.

## टप्पा ३: रोकडीची उलटतपासणी करा

आता तुमच्या खऱ्या कंपनीकडे या. पाच वर्षांचा निव्वळ नफा बेरजेने मांडा, शेजारी धंद्यातून आलेल्या रोकडीची बेरीज मांडा. एखाद्या वर्षी तफावत असणं स्वाभाविक आहे. पाच वर्षांच्या बेरजेत रोकड नफ्याच्या बरीच मागे असेल, तर कारण शोधल्याशिवाय हलू नका.

शोध येण्यांपासून सुरू करा. वरच्या काल्पनिक कंपनीची आदल्या वर्षीची विक्री २७० होती असं धरा. विक्री ११ टक्क्यांनी वाढली, येणी ६७ टक्क्यांनी. दिवसांत मोजलं तर पैसे वसूल व्हायला आधी साधारण ४१ दिवस लागायचे, आता ६१ लागतात (येणी भागिले विक्री, गुणिले ३६५). विक्री वाढवायला उधारी सैल केली असेल, किंवा एखादा मोठा ग्राहक पैसे देत नसेल, किंवा वर्षाच्या शेवटच्या आठवड्यात माल ढकलला असेल. तिन्हींचे परिणाम वेगळे आहेत. उत्तर येण्यांच्या टिपेत मिळतं, किती येणी किती जुनी ते तिथे पाहा.

मग मुक्त रोकड काढा: व्याजापूर्वीचा नफा, त्यावरचा कर वजा, घसारा अधिक, नव्या स्थिर मालमत्तेवरचा खर्च वजा, खेळत्या भांडवलातली (येणी अधिक साठा वजा देणी) वाढ वजा. आपल्या उदाहरणात ४० वजा १० अधिक २० वजा ३० वजा २५, म्हणजे उणे ५. रोकडही ५ नेच घटली होती, पण हा योगायोग आहे. मुक्त रोकड उणे ५, करबचत धरून व्याज उणे ६, नवं कर्ज अधिक १०, लाभांश उणे ४, बेरीज पुन्हा उणे ५. हा ताळा जमला की सूत्र तुमच्या हातात आलं.

इशारा: धंद्यातून आलेली रोकड फुगवता येत नाही, असा एक समज आहे. येते. वर्ल्डकॉम या अमेरिकी दूरसंचार कंपनीने दुसऱ्यांच्या जाळ्यावरून कॉल नेण्यासाठी द्यायचे पैसे, म्हणजे निव्वळ चालू खर्च, स्थिर मालमत्ता म्हणून नोंदवले. जून २००२ मध्ये तिने जाहीर केलेला असा आकडा ३.८ अब्ज डॉलर होता. त्याने नफा फुगला, आणि खर्च गुंतवणुकीच्या रकान्यात सरकल्यामुळे धंद्यातली रोकडही फुगली. मुक्त रोकडीत मात्र हा खर्च कुठूनही वजा होतोच. म्हणून दोन्ही काढायच्या.

रोकडीची शिल्लकही डोळे मिटून मान्य करू नका. जर्मनीच्या वायरकार्डमध्ये जून २०२० मध्ये १.९ अब्ज युरो सापडेनात. ढीगभर रोकड दिसते, व्याजाचं उत्पन्न मात्र नगण्य, आणि तरी कंपनी नवं कर्ज काढतेय, असं चित्र दिसलं की लेखापरीक्षकाचा अहवाल पुन्हा सावकाश वाचा.

## टप्पा ४: काळाची किंमत मोजा

सूत्र सगळ्यांना येतं: भविष्यातली रक्कम भागिले (१ अधिक दर) चा तितक्या वर्षांचा घात. दर म्हणजे पैशांवर वर्षाला अपेक्षित असलेला परतावा. पाच वर्षांनी मिळणाऱ्या १००० ची आजची किंमत १० टक्के दराने सुमारे ६२१. चुका होतात त्या सूत्राच्या आजूबाजूला.

एक, दराचा कालावधी. वर्षाला १२ टक्के पण दरमहा आकारणी, म्हणजे प्रत्यक्षात १२.६८ टक्के. मासिक हप्त्यांच्या गणितात वार्षिक दर तसाच घातला की उत्तर भलतंच येतं.

दोन, महागाई. ८ टक्के परतावा आणि ५ टक्के महागाई असेल तर खरा परतावा सुमारे २.८६ टक्के. भविष्यातल्या रकमा महागाईसह धरल्या असतील तर दरही महागाईसहच घ्या. एक महागाईसह आणि दुसरा महागाईविना, ही खिचडी अनुभवी लोकांच्या फाइलमध्येही सापडते.

तीन, रोख्यांची किंमत. रोखा म्हणजे ठरावीक व्याज देणारं, विकता येणारं कर्जपत्र. बाजारातले व्याजदर वाढले की जुन्या रोख्याची किंमत पडते, एवढं सगळे सांगतात. किती पडते, ते हाताने काढा. दर्शनी किंमत १००, वर्षाला २ टक्के व्याज देणारा रोखा घ्या आणि बाजारातला दर ५ टक्क्यांवर गेला असं धरा. मुदत एकच वर्ष उरली असेल तर किंमत सुमारे ९७.१. दहा वर्षं उरली असतील तर सुमारे ७६.८. व्याज तेच, पत तीच, फक्त मुदत वेगळी. हे दोन आकडे लक्षात ठेवा, सहाव्या टप्प्यात लागतील.

## टप्पा ५: आता मूल्य काढा

इथवर चार टप्पे नीट झाले असतील तर हा टप्पा वाटतो त्यापेक्षा सोपा जातो.

आधी दोन मूल्यांतला फरक पक्का करा. शेअरच्या किमतीला शेअरसंख्येने गुणलं की भागधारकांच्या वाट्याचं मूल्य मिळतं. त्यात कर्ज मिळवलं आणि रोकड वजा केली की अख्ख्या धंद्याचं मूल्य. यातल्या प्रत्येकाची जोडी ठरलेली आहे. धंद्याचं मूल्य व्याजाआधीच्या नफ्याशी ताडायचं, भागधारकांचं मूल्य व्याजानंतरच्या नफ्याशी. धंद्याचं मूल्य भागिले निव्वळ नफा, असं गुणोत्तर कोणी मांडलं तर तिथेच थांबवा.

डीसीएफमध्ये पाच ते दहा वर्षांची मुक्त रोकड आजच्या किमतीत आणायची आणि त्यापुढच्या सगळ्या काळासाठी एक अंतिम मूल्य धरायचं. हे अंतिम मूल्यच बहुतेक मॉडेल्समध्ये निम्म्याहून जास्त असतं, आणि ते फार नाजूक असतं. शेवटच्या वर्षी मुक्त रोकड १००, पुढे वाढ ३ टक्के, दर १० टक्के धरला तर अंतिम मूल्य म्हणजे पुढच्या वर्षीची रोकड भागिले (दर वजा वाढ): १०३ भागिले ०.०७, म्हणजे सुमारे १४७१. दर ९ टक्के धरला तर १७१७. दर १० टक्केच ठेवून वाढ ४ टक्के धरली तर १७३३. एका टक्क्याने सतरा-अठरा टक्के फरक. म्हणून एकच आकडा कधीच देऊ नका. दर आणि वाढ यांचा तक्ता करा आणि उत्तर पट्ट्यात सांगा.

नेहमीच्या चुका:

- कायमची वाढ ज्या अर्थव्यवस्थेत कंपनी धंदा करते तिच्या वाढीपेक्षा जास्त धरणं. तसं झालं तर कधीतरी ती कंपनी अर्थव्यवस्थेपेक्षा मोठी होईल.
- शेवटच्या वर्षानंतर वाढ चालू, पण नव्या मालमत्तेवरचा खर्च घसाऱ्याहून कमी. यंत्रं झिजणार आणि उत्पादन वाढत राहणार, हे जमत नाही.
- भांडवलाचा सरासरी खर्च (कर्ज आणि भागभांडवल दोन्हींवर द्याव्या लागणाऱ्या परताव्याची सरासरी, हाच डीसीएफचा दर) काढताना भागभांडवलाचं पुस्तकी मूल्य वापरणं. बाजारमूल्य वापरा.
- मुक्त रोकड सगळ्या भांडवलदारांची, पण दर फक्त भागधारकांना अपेक्षित असलेला.
- बाजारातल्या किमतीशी उत्तर जुळेपर्यंत दर फिरवत बसणं. हे मूल्यमापन नव्हे. उलट, आजच्या किमतीत किती वाढ गृहीत आहे ते शोधायचं असेल तर तसं स्पष्ट लिहून उलटं गणित करा. तो फार उपयोगी व्यायाम आहे.

## टप्पा ६: बँकेचा ताळेबंद वेगळा वाचा

बँकिंगमध्ये जायचं नसलं तरी हा टप्पा गाळू नका. गुंतवणुकीच्या कामात बँकांचे शेअर आणि रोखे समोर येतातच.

बँकेत कर्ज ही मालमत्ता आणि ठेवी हे देणं. खेळतं भांडवल, साठा, व्याजपूर्व नफा हे सगळं इथे निरुपयोगी, कारण व्याज हाच तिचा कच्चा माल आणि तोच तिचा विक्रीचा माल. पाहायचं ते चार ठिकाणी: दिलेल्या आणि घेतलेल्या व्याजातलं अंतर, थकलेल्या कर्जांचं प्रमाण, त्यासाठी केलेली तरतूद, आणि भांडवल.

भांडवलाचं गणित थोडक्यात असं. मालमत्ता १०० असेल आणि मालकांचं भांडवल ८, तर मालमत्तेत फक्त ३ चं नुकसान झालं की भांडवलाचा एक तृतीयांशाहून मोठा हिस्सा गेला. म्हणून बासल ३ चे आंतरराष्ट्रीय निकष जोखीमभारित मालमत्तेच्या किमान ४.५ टक्के अव्वल दर्जाचं भांडवल (मुख्यतः भागभांडवल आणि राखून ठेवलेला नफा) मागतात, आणि त्यावर २.५ टक्क्यांचा राखीव थर. 'जोखीमभारित' शब्दाकडे लक्ष द्या: जितकी जोखीम जास्त, तितकी ती मालमत्ता जास्त वजनाने मोजायची. भक्कम सरकारच्या रोख्यांची पतजोखीम (पैसे बुडण्याची शक्यता) शून्य धरता येते, त्यामुळे त्यांच्यासाठी भांडवल जवळजवळ लागत नाही. पण व्याजदराची जोखीम तशीच उरते.

अमेरिकेतली सिलिकॉन व्हॅली बँक याच फटीत सापडली. मुदतीपर्यंत धरून ठेवायचे म्हणून वेगळे काढलेले सुमारे ९१ अब्ज डॉलरचे रोखे तिच्याकडे २०२२ अखेर होते. त्यांचा बाजारभाव सुमारे ७६ अब्ज. फरक १५ अब्ज, आणि बँकेचं सगळं भागभांडवल सुमारे १६ अब्ज. मुदतीपर्यंत धरायचे रोखे मूळ किमतीलाच दाखवायची मुभा असल्याने तोटा नफ्यात दिसला नाही, पण बाजारभाव वार्षिक अहवालात छापलेला होता. ९ मार्च २०२३ ला ठेवीदारांनी एका दिवसात ४२ अब्ज डॉलर काढायला सुरुवात केली आणि १० मार्चला नियामकांनी बँक बंद केली. चौथ्या टप्प्यातला दहा वर्षांचा रोखा ७६.८ वर कसा आला ते काढलं असेल, तर यातलं काहीच नवीन वाटणार नाही.

तपासणी: कोणत्याही एका बँकेचा अहवाल उघडा आणि तिच्या रोख्यांचा बाजारभाव व पुस्तकी किंमत यांतला फरक टिपांमधून शोधा. आकडा सापडायला वेळ लागतो, आणि शोधण्याची सवय लागणं हाच इथला फायदा.

## टप्पा ७: आता काम निवडा

पदांची नावं संस्थेगणिक बदलतात, म्हणून नावापेक्षा दिवसभर काय करावं लागतं ते पाहा.

कर्ज विश्लेषकाला कंपनी पैसे परत करील का, एवढंच शोधायचं असतं. दुसरा आणि तिसरा टप्पा त्याचं रोजचं काम. कंपनी कितीही वेगाने वाढली तरी बँकेला मुद्दल आणि व्याजापलीकडे काही मिळत नाही, त्यामुळे नजर कायम 'काय बिघडू शकतं' यावर. माझ्या मते शिकण्यासाठी यापेक्षा चांगली पहिली नोकरी नाही, आणि तिच्याकडे लोक उगाच नाक मुरडतात.

इन्व्हेस्टमेंट बँकिंगमध्ये विलीनीकरण, खरेदी-विक्री आणि भांडवल उभारणीचे सौदे जुळवून द्यायचे असतात. कनिष्ठ माणसाचा दिवस मॉडेल, सादरीकरण आणि दुरुस्त्यांत जातो, तास फार लांब असतात. चुका न करण्याची शिस्त इथे हुशारीपेक्षा जास्त मोजली जाते.

शेअर संशोधनात एका क्षेत्रातल्या मोजक्या कंपन्या खोलात धरायच्या आणि मत लिहायचं. लिहिता येत नसेल तर इथे त्रास होतो. हेच काम दलाली संस्थेत केलं तर मत ग्राहकांना दिलं जातं, फंडात केलं तर त्या मतावर खरे पैसे लागतात. दुसऱ्या ठिकाणी नवशिक्यांना थेट जागा कमी असतात.

जोखीम आणि ट्रेझरी (बँकेचे स्वतःचे पैसे सांभाळणाऱ्या) विभागांत चौथा व सहावा टप्पा महत्त्वाचे: व्याजदर हलले तर बँकेचं काय होईल, उद्या पैसे पुरतील का. गणिताची आवड असलेल्यांनी आधी इकडे पाहावं. ऑपरेशन्स (व्यवहारांची प्रत्यक्ष हाताळणी) आणि कम्प्लायन्समध्ये (नियमपालन) जागा जास्त असतात, मूल्यमापन क्वचितच लागतं, आणि तिथून विश्लेषणाकडे वळणं शक्य असलं तरी आपोआप होत नाही.

इशारा: "कोणतंही चालेल" असं सांगून अर्ज करू नका. कर्ज विभागाच्या मुलाखतीत शेअर दुप्पट कसा होईल हे सांगणारा उमेदवार चुकीच्या खोलीत आला आहे, हे समोरच्याला लगेच कळतं.

## टप्पा ८: अर्ज आणि मुलाखत

तुमच्या कंपनीवर दोन पानांचं टिपण तयार करा. धंदा कसा चालतो हे चार वाक्यांत, पैसे कुठे अडकतात, पाच वर्षांत काय बदललं, मूल्याचा पट्टा, आणि तुमचं मत कोणत्या परिस्थितीत चुकेल. शेवटचा मुद्दा बहुतेक जण लिहीत नाहीत, लिहाच. 'व्यवस्थापन सक्षम आहे' अशी वाक्यं काढून टाका आणि तिथे 'वसुलीचे दिवस ४१ वरून ६१ झाले, कारण अमुक' अशी वाक्यं घाला.

कर्ज विभागासाठी त्याच टिपणाची दुसरी प्रत करा, ज्यात मूल्याऐवजी परतफेडीची क्षमता असेल: नफ्यातून व्याज किती पट झाकलं जातं, कर्ज कधी फेडायचं आहे, विक्री पाचव्या हिश्शाने पडली तर काय.

प्रमाणपत्रांबद्दल. सीएफए (गुंतवणूक विश्लेषणाचं प्रमाणपत्र) तीन पातळ्यांचं आहे आणि चार्टर, म्हणजे अंतिम मान्यता, मिळायला परीक्षांखेरीज किमान ३६ महिन्यांत मिळून ४००० तासांचा संबंधित कामाचा अनुभव लागतो. एफआरएम दोन भागांचं, जोखीम व्यवस्थापनाकडे झुकलेलं, आणि त्यालाही दोन वर्षांचा अनुभव लागतो. म्हणजे दोन्ही नोकरीसोबत पूर्ण होणाऱ्या गोष्टी आहेत. पहिली पातळी पास असणं अर्जाला मदत करतं, पण टिपणाची जागा घेत नाही. आणि फक्त नोंदणी केली असेल तर सीव्हीवर 'सीएफए' लिहू नका. कोणती पातळी उत्तीर्ण, तेवढंच लिहा.

सीव्हीत 'फायनान्शियल मॉडेलिंगमध्ये प्रवीण' असं लिहिण्याआधी विचार करा, कारण पुढचा प्रश्न तिथूनच येणार. 'एका उत्पादन कंपनीचं पाच वर्षांचं तीन पत्रकांचं मॉडेल स्वतः बांधलं' हे जास्त खरं आणि विचारायला जास्त सोपं.

मुलाखतीच्या आधी:

- फाइल उघडून सगळे ताळे पुन्हा जुळतात का पाहा. टिपणाची छापील प्रत जवळ ठेवा.
- कंपनीचा ताजा तिमाही निकाल आला असेल तर आकडे भरून घ्या. जुन्या आकड्यांवर ठाम मत मांडणं फार महागात पडतं.
- घसारा, साठा बुडीत, कर्जफेड आणि नवं भागभांडवल या चार घटना मोठ्याने बोलून दाखवा. मनात येणारं उत्तर तोंडातून बाहेर पडताना अडखळतं.
- ज्या संस्थेत मुलाखत आहे तिचा स्वतःचा वार्षिक अहवाल वाचा. बँक असेल तर सहाव्या टप्प्यातली चार ठिकाणं पाहून ठेवा.

उत्तर येत नसेल तर अंदाज ठोकू नका. कोणत्या पत्रकातून सुरुवात कराल, कोणता आकडा शोधाल, तो कुठे मिळेल, ते बोलून दाखवा. बऱ्याच वेळा बोलता बोलताच उत्तर निघतं. घरी आल्यावर अडलेला प्रश्न लिहून ठेवा, तो कोणत्या टप्प्यातला होता ते शेजारी टाका, आणि पुढच्या मुलाखतीआधी त्या टप्प्याची तपासणी पुन्हा एकदा करा.